घरातला अबोला पडद्यावर आणताना

“वडिलांशी बोलणं बंद आहे आणि मला त्यांच्यावरच फिल्म करायचीये.” फिल्म शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य थोड्याफार फरकाने सतत ऐकू येतं. कधी वडिलांच्या जागी भाऊ असतो, कधी माहेर तुटलेली आत्या, कधी वाटणीनंतर उंबरा न ओलांडलेला काका. विषय जवळचा असतो, तळमळ खरी असते. तरीही अशा बऱ्याच फिल्म अर्ध्यावर अडकतात, किंवा पूर्ण होतात आणि घरात आणखी एक भिंत उभी करून जातात. याचं कारण बहुतेकदा कॅमेऱ्यात किंवा संकलनात सापडत नाही. सुरुवातीला कोणाला काय विचारलं आणि काय विचारायचं राहून गेलं, तिथे ते सापडतं.

हा लेख पंधरा-वीस मिनिटांची कथात्मक शॉर्ट फिल्म करू पाहणाऱ्यांसाठी आहे. माहितीपट करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे: समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे आणि तो नकार पचवूनही फिल्म उभी राहिली पाहिजे. ज्या फिल्मला नकार सोसत नाही ती सुरूच करू नये.

आधी एक चित्रपट पाहून घ्या. नॉर्वेचे दिग्दर्शक योआकिम त्रिअर यांच्या ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ला २०२५ साली कान महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला. त्यातला गुस्ताव्ह बोर्ग हा वयस्क दिग्दर्शक मुलींच्या आईच्या मृत्यूनंतर ऑस्लोतल्या जुन्या घरी येतो आणि रंगभूमीवर काम करणाऱ्या थोरल्या मुलीपुढे, नोरापुढे, एक पटकथा ठेवतो. मुख्य भूमिका तिच्यासाठीच लिहिलेली असते. ती पटकथा न वाचताच नकार देते. मग तो एका अमेरिकी तारकेला घेतो. धाकट्या आग्नेसने लहानपणी वडिलांच्या फिल्ममध्ये काम केलेलं असतं. त्या दिवसांत मिळालेलं त्यांचं सगळं लक्ष शूटिंग संपताच संपलं, हे ती विसरलेली नाही. आता त्यांना तिचा लहान मुलगा फिल्ममध्ये हवा आहे. हा चित्रपट दोनदा पाहा. एकदा गोष्टीसाठी, आणि एकदा हातात वही घेऊन, गुस्ताव्ह कोणाकडे काय मागतो आणि कोणत्या क्रमाने मागतो हे टिपण्यासाठी. माफी मागायची असते तिथे तो भूमिका देऊ करतो. आपल्याला टाळायचं आहे ते हेच.

पहिली पायरी: प्रत्येकाच्या बाजूने एक पान

पटकथेला हात लावण्याआधी घरातल्या प्रत्येक संबंधित माणसाच्या तोंडून एकेक पान लिहा, ‘मी’ वापरून. ज्याच्यावर तुमचा सर्वांत जास्त राग आहे त्याचं पान आधी लिहा. अट एकच: त्या पानावर तो माणूस बरोबर असला पाहिजे. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. असं पान लिहिता येत नसेल तर तुमच्याकडे अजून माहिती कमी आहे. मग लेखन थांबवून घरातल्या जुन्या माणसांकडे जा.

त्यांना विचारायचा प्रश्न साधा आहे: “बोलणं नेमकं कधी बंद झालं?” तीन जणांना विचारलंत तर तीन वेगवेगळी सालं हाती येतील. एक सांगेल, पोराच्या लग्नात आहेर मिळाला नाही तेव्हापासून. दुसरा म्हणेल, आजी अंथरुणाला खिळली होती आणि कोणी फिरकलं नाही. तिसरी व्यक्ती हळूच म्हणेल, “सगळं त्या सहीपासून सुरू झालं.” यातलं खरं कोणतं हे ठरवायच्या मागे लागू नका. तीनही नोंदी तारखांसह जपून ठेवा. कॅनडाच्या सारा पॉली यांनी २०१२च्या ‘स्टोरीज वी टेल’मध्ये आपल्या आईची गोष्ट भावंडांकडून, वडिलांकडून आणि आईच्या मित्रमंडळींकडून सांगून घेतली. एकमेकांशी न जुळणाऱ्या आठवणी शेजारी-शेजारी ठेवल्याने ती फिल्म भक्कम झाली आहे. कथात्मक फिल्ममध्येही हे साधतं: एकाच घटनेबद्दल दोन पात्रं वेगवेगळं सांगतात आणि दिग्दर्शक कोणाचीच बाजू घेत नाही.

सहीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. आपल्याकडच्या कितीतरी अबोल्यांच्या तळाशी हक्कसोडपत्र असतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केली. कायदा बदलला तरी “बहिणीने सही करून द्यावी” ही अपेक्षा घराघरात तशीच राहिली. सही करणारी बहीण दुखावलेली राहते, न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. तुमची गोष्ट या वळणाची असेल तर तो दस्त, सात-बारा, फेरफाराची नोंद प्रत्यक्ष वाचा. तारीख कोणती, साक्षीदार कोण, मोबदल्याच्या रकान्यात काय लिहिलंय. भाऊबिजेला आलेल्या बहिणीला त्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं असेल, तर ते तारखाच सांगतात. त्यासाठी वेगळा संवाद लागत नाही.

दुसरी पायरी: विचारणं

ही सर्वांत अवघड पायरी आहे आणि बहुतेक जण ती वगळतात.

कुठे विचारू नये, ते आधी पाहू. अंत्यविधी, तेरावा, साखरपुडा, वाढदिवस अशा प्रसंगी माणूस चारचौघांत असतो, त्याला नकार देता येत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कधीच नको. फोनही शक्यतो टाळा, कारण फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं. पत्र किंवा एकट्याला पाठवलेला सविस्तर मेसेज बरा. तो वाचून बाजूला ठेवता येतो, दोन दिवसांनी पुन्हा उघडता येतो. मधे निरोप्या लागणारच असेल तर ज्याचा भांडणात काही हिस्सा नाही असा निवडा. मामा बरे पडतात, सख्खी भावंडं नाही.

पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: मी काय करतो आहे, त्यात तुमच्या आयुष्यातलं काय येईल, काय येणार नाही, आणि फिल्म कोण पाहील. एक नमुना देतो:

“अण्णा, मी एक छोटी फिल्म लिहितोय. त्यात दोन भावांचं बोलणं तुटलेलं आहे. आपली गोष्ट जशीच्या तशी नाही, पण आपल्या घरातून आलेली आहे. दुकानाची वाटणी आणि आईचं आजारपण त्यात येईल. तुमचं नाव, तुमचा धंदा, मुलांचा उल्लेख येणार नाही. लिहून झाल्यावर तुम्हाला हवं असेल तर वाचायला देईन. ती आधी महोत्सवांना पाठवेन, इंटरनेटवर टाकण्याआधी पुन्हा विचारेन. तुम्हाला हे नको असेल तर कळवा. काहीच कळवलं नाहीत, तरी मी ‘नको’ असंच धरेन आणि या दोन गोष्टी काढून टाकेन.”

या पत्रात “झालं गेलं विसरून जाऊ” हे कुठेही नाही, ते मुद्दाम. समेटाची इच्छा असेल तर तिच्यासाठी वेगळं पत्र लिहा, वेगळ्या दिवशी, फिल्मचा उल्लेखही न करता. दोन्ही एकत्र आलं की वाचणाऱ्याला वाटतं, फिल्मसाठी गोड बोलतोय. आणि ते वाटणं चूक नसतं.

गप्प राहणं म्हणजे होकार नाही. उत्तर आलं नाही तर दिलेला शब्द पाळा. भेट ठरली तर पहिल्या भेटीत रेकॉर्डर बंद ठेवा, फोन पिशवीत ठेवा.

नकार आला म्हणून विषय संपत नाही. समोरच्याची अर्धी बाजू त्याची आहे, तुमची अर्धी तुमचीच राहते. फोनमधला नंबर उघडून पुन्हा बंद करणारा माणूस, लग्नपत्रिकेवर ‘आपले नम्र’खाली कोणाचं नाव घालायचं याचा घोळ, गावी गेल्यावर त्या गल्लीतून जायचं टाळून घेतलेला वळसा, हे सगळं तुमच्या मालकीचं आहे. त्या माणसाचा धंदा, गाव, नातं आणि मूळ घटना बदला. काकाचा मित्र करा, दुकानाची शेती करा. मात्र ओळखीच्या खुणा खरोखर पुसल्या जाऊ द्या. नाव बदलून बाकी सगळं तेच ठेवलं तर गावात कोणीही ओळखतं.

कायद्याचं थोडक्यात. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू या १९९४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाचं खासगी आयुष्य, कुटुंब, विवाह यांबद्दल त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, मग मजकूर खरा असो वा खोटा. सार्वजनिक अभिलेखात असलेल्या गोष्टींना त्यातून सूट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मृत व्यक्तीची बदनामीही येते, जर ती जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली असेल. “आजोबा तर गेले, आता काय” असं समजू नका. शंका वाटली तर पटकथा एका वकिलाला वाचायला द्या. शूटिंगनंतर सीन काढण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

जे प्रत्यक्ष पडद्यावर दिसणार किंवा ज्यांचा आवाज येणार त्यांच्याकडून मराठीत, एका पानात, लेखी संमती घ्या. त्यात मोबदला आहे की नाही, फिल्म कुठे कुठे दाखवली जाईल, आणि कोणत्या टप्प्यापर्यंत संमती मागे घेता येईल हे लिहा. मी तो टप्पा संकलन पक्कं होईपर्यंत ठेवावा असं सांगतो. पुष्कळ निर्माते यावर नाराज होतात. पण हा घरचा विषय आहे, जाहिरात नाही. आणि घरातल्या लहान मुलांना घेण्याआधी आग्नेस आठवा: शूटिंगच्या आठवड्यात तुम्ही त्या मुलाला जितका वेळ द्याल तितका नंतरही देणार आहात का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसऱ्या घरातला बालनट शोधा.

तिसरी पायरी: कपाटातलं सामान

अल्बम, पत्रं, लग्नाची व्हिडिओ कॅसेट, रेशनकार्ड, कुलदेवतेच्या फोटोमागे खोचलेल्या पावत्या, सगळं बाहेर काढा. फोटो किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागच्या बाजूसह. मागे लिहिलेली तारीख आणि अक्षर कोणाचं, हे कित्येकदा पुढच्या चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतं. व्हीएचएसची फीत वर्षागणिक खराब होत जाते, त्यामुळे ते काम पुढे ढकलू नका. अल्बममध्ये कापलेले किंवा काढून टाकलेले फोटो असतील तर ती रिकामी जागाही स्कॅन करा.

आता हक्कांचा भाग, कारण इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वडिलांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र, म्हणजे तो कागद, तुमचा आहे. त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट मात्र लिहिणाऱ्याचा असतो. त्यांच्या पश्चात तो वारसांकडे जातो. वारस म्हणजे तुम्ही एकटे नाही. ज्या भावाशी बोलणं नाही तोही त्यात येतो. म्हणून बाबांचं पत्र फिल्ममध्ये वाचून दाखवायचं असेल तर भावाची परवानगी लागू शकते. हे ऐकून अनेक जण पत्राचा नाद सोडतात. मला वाटतं, विचारायला यापेक्षा बरं निमित्त नाही. ‘तू चुकलास’ किंवा ‘मी चुकलो’ असं काही न म्हणता, दोघांच्या सामाईक गोष्टीबद्दल बोलण्याची ही जागा आहे. इथेही त्याने नको म्हटलं तर पत्र बाजूला ठेवायचं.

लग्नाची व्हिडिओ कॅसेट पैसे देऊन काढून घेतली असेल, तर वेगळा करार नसताना कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तिचा पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे असतो, व्हिडिओवाल्याकडे नाही. पण तीत मागे वाजणाऱ्या सिनेमाच्या गाण्यांचे हक्क वेगळे आहेत. ते घेणं परवडत नसेल तर चित्र ठेवा, आवाज काढा.

चौथी पायरी: पटकथा

पंधरा मिनिटांच्या फिल्मला साधारण पंधरा पानं. एवढ्याशा जागेत दुराव्याचा इतिहास मावत नाही, आणि मावायची गरजही नाही. एक घर, एक दिवस, आणि न टाळता येणारं एक काम निवडा. आपल्याकडे अशी कामं भरपूर आहेत. आई गेल्यावर भाड्याची खोली रिकामी करून द्यायची आहे. वारसनोंदीसाठी दोघांनाही तलाठ्याकडे हजर राहायचं आहे. वर्षश्राद्धाला कोणी बसायचं ते ठरवायचं आहे. कोकणातल्या मूळ घरात गणपती आहे आणि यंदा पाळी धाकट्याची आहे.

गणपतीचंच उदाहरण घेऊ. सिंधुदुर्गात मूर्तीच्या वर माटवी बांधतात: लाकडी चौकट, तिला टांगलेली फळं, रानातली पानं-फुलं. ती वर चढवायला दोघं लागतात. एकाने उचलून धरायची, दुसऱ्याने बांधायची. दोन भाऊ, सात वर्षांचा अबोला, आणि हातात हे काम. आता एक भाऊ दुसऱ्याला “थोडं वर घे” एवढं म्हणतो की नाही, यावर सगळा सीन तोलला जाईल. दोन माणसांशिवाय होत नाही असं काम शोधा. पटकथेतलं निम्मं काम झालंच म्हणून समजा.

अबोला असलेल्या घरात भांडणाबद्दल कोणीच बोलत नाही. नवख्या पटकथेत मात्र सगळे त्याबद्दलच बोलतात. “तू त्या वेळी आईला बघायला आला नाहीस!” हे वाक्य पहिल्या मसुद्यात येणारच, येऊ द्या. दुसऱ्या मसुद्यात ते काढा आणि त्याच्या जागी काय करता येईल ते बघा. घरात लोक असं बोलतात:

“बाबांना विचार, दूध आणायचंय का.”
“आईला सांग, आणलंय.”

दोघं एकाच खोलीत, मधे उभी असलेली मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत. तिला वाक्यं पोचवायचीही गरज उरलेली नाही, तरी ती पोचवते. वर्षानुवर्षांचं घर या दोन ओळींत उभं राहतं.

भूतकाळातली दृश्यं टाळा असं मी आग्रहाने सांगेन. ती आली की खरं काय घडलं याचा निकाल लागतो, आणि पहिल्या पायरीत जपून ठेवलेल्या तीन तारखा वाया जातात. भूतकाळ वस्तूंमध्ये ठेवा. ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’मध्ये गुस्ताव्ह तारकेला एक स्टूल दाखवून सांगतो की त्याच्या आईने आत्महत्या केली ती यावरूनच. पुढे कळतं की ते स्टूल साधं आयकियातून आणलेलं आहे. दिग्दर्शक म्हणून तो आपल्या आईच्या मरणाचंही नाटक करू शकतो, हे एका वस्तूने कळतं. तुमच्या घरातलं असं स्टूल कोणतं, ते शोधा.

शेवटाबद्दल एक. गळाभेट लिहू नका, जोवर ती तुमच्या घरात खरोखर घडलेली नाही. आणि घडली असेल तरी विचार करा. पात्रं सुरुवातीला जिथे होती तिथून एक पाऊल सरकलेली दिसली तरी पंधरा मिनिटांना ते पुष्कळ आहे.

मसुदा पक्का झाल्यावर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून घ्या. सदस्य झाल्यावर ही नोंदणी ऑनलाइन होते. घरची गोष्ट असली तरी पटकथा तुमची निर्मिती आहे.

पाचवी पायरी: नट

घरच्या माणसांना स्वतःचीच भूमिका देऊ नका. ‘आमचे बाबा फार नैसर्गिक आहेत’ हे खरं असेलही. पण ‘अॅक्शन’ म्हटल्यावर त्यांना तीच जखम चार वेळा उघडावी लागते, वेगवेगळ्या कोनातून. माहितीपटाचं गणित निराळं असतं. अर्चना फडके यांनी ‘अबाउट लव्ह’मध्ये मुंबईतल्या आपल्याच घरातल्या तीन पिढ्या चित्रित केल्या. तिथे कॅमेरा घरात राहून राहून घरातला होतो आणि माणसं आपापली कामं करत असतात. कथात्मक फिल्ममध्ये ती सवड मिळत नाही.

नट शोधायला महाराष्ट्रासारखी जागा नाही. राज्य नाट्य स्पर्धा, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धा, पुण्यातला पुरुषोत्तम करंडक, गावोगावच्या हौशी संस्था. साठीच्या पुढचे उत्तम नट हौशी रंगभूमीवर भरपूर आहेत आणि त्यांना कॅमेऱ्यापुढे फारसं कोणी बोलावत नाही. नाटकाची सवय असलेल्या नटाला आवाज खाली आणायला आणि काही न करता बसायला वेळ द्या. तालमी त्यासाठीच असतात.

नटाला तुमच्या वडिलांचे फोटो दाखवावेत का? माझं मत, नाही. नक्कल सुरू होते. त्याऐवजी सवयी द्या, कृती द्या: हा माणूस जेवताना रेडिओ लावतो, दार उघडायला कधीच स्वतः उठत नाही, रागावला की चपला सरळ करून ठेवतो. आणि नटाने तुम्हाला “बाबांनी खरंच असं केलं होतं का?” असं विचारलं तर पात्राबद्दलच उत्तर द्या. तालमीत तुमच्या आयुष्याची चौकशी सुरू झाली की सगळे तुम्हाला जपायला लागतात आणि काम बाजूला राहतं.

सहावी पायरी: शूटिंग

खऱ्या घरात शूट करायचं असेल तर घर कोणाच्या नावावर आहे ते बघा. सामाईक असेल तर सर्वांची परवानगी हवी, दूर असलेल्या भावाचीसुद्धा. मिळाली नाही तर शेजारच्या आळीत तसंच घर शोधा. खऱ्या घरात शूट केल्याने फिल्म आपोआप खरी होत नाही. परक्या घरात आपलं घर उभं करताना आपण प्रत्येक वस्तूचा विचार करतो, तो पुष्कळदा जास्त कामाचा ठरतो.

खोल्या लहान असतात. कॅमेरा खोलीत घुसवण्यापेक्षा दाराबाहेर ठेवा आणि चौकटीतून बघा. एक माणूस स्वयंपाकघरात, दुसरा ओटीवर, मधे भिंत, दोघं एकाच फ्रेममध्ये. अबोल्याची फ्रेम आपल्या घरांच्या बांधणीतच तयार आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलंत तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरच्या ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाहीत. तरी प्रत्येक दिव्याची आधी चाचणी घ्या, स्वस्त एलईडी दगा देतात.

पैसे कमी असतील तर कॅमेऱ्यावरचे कापा, आवाजावरचे नको. अशा फिल्ममध्ये शांतता हे मुख्य पात्र असतं आणि वाईट रेकॉर्ड केलेली शांतता म्हणजे नुसती घरघर. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं विसरणार नाही. शेजाऱ्यांच्या कुकरच्या आणि पाण्याच्या मोटारीच्या वेळा आधीच विचारून ठेवा. प्रत्येक खोलीत सगळ्यांना स्तब्ध उभं करून एक मिनिट नुसता त्या खोलीचा आवाज घ्या. संकलनात अबोला याच मिनिटांतून बांधला जातो.

दिवसाला चार-पाच पानांपेक्षा जास्त धरू नका. पहिल्या दिवशी कामाचे, बिनसंवादाचे सीन घ्या. सर्वांत जड सीन दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक ताजे असताना, आणि त्या वेळी सेटवर लागतील तेवढीच माणसं. घरचं कोणी शूटिंग बघायला आलं तर त्यांच्यासोबत बसायला एक माणूस नेमा, ज्याच्याकडे दुसरं काम नाही. दिग्दर्शक म्हणून तुम्ही मॉनिटरकडे बघत असाल तेव्हा मागे आई उठून गेली हे कोणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे.

सातवी पायरी: संकलन आणि दाखवणं

स्वतः संकलन करू नका. ज्याला तुमच्या घराची माहिती नाही अशा माणसाकडे द्या. तुम्हाला आत्याचा चेहरा दिसतो तिथे त्याला फक्त एक बाई दिसेल, आणि प्रेक्षकालाही तेवढंच दिसणार आहे. शूटिंगनंतर काही आठवडे मधे जाऊ द्या, मग एकदा आवाज बंद करून संपूर्ण कट पाहा.

प्रत्येक अशा फिल्ममध्ये एखादं तरी वाक्य सूड म्हणून आलेलं असतं. ते ओळखायला सोपं आहे: कित्येक वर्षं अंघोळ करताना, बसमधून जाताना तुम्ही मनात घोळवलेलं असतं. फार टोकदार असतं आणि त्यानंतर समोरच्या पात्राकडे उत्तर नसतं. ते काढा. सीन मोकळा होतो.

कच्चा कट आधी कोणाला दाखवायचा? ज्याला सर्वांत जास्त लागू शकेल त्याला. त्याच्या घरी, त्याच्या वेळेला, चारचौघांत नाही. आणि दाखवण्याआधीच ठरवून सांगा की कोणत्या सूचना स्वीकाराल. ओळख पटवणारे तपशील, चुकीची माहिती, तिसऱ्या माणसाला त्रास होईल अशी गोष्ट, हे मी काढेन. पात्राबद्दलचा फिल्मचा दृष्टिकोन मात्र माझा राहील. ही रेघ आधी ओढली तर बोलणं शक्य होतं. दाखवून झाल्यावर “कसं वाटलं?” विचारू नका. चहा प्या, निघा. त्यांना बोलायचं असेल तेव्हा ते बोलतील. नाही बोलले तर तोही त्यांचा हक्क.

आठवी पायरी: बाहेर नेणं

महोत्सवांपासून सुरुवात करा. मुंबईचा मिफ हा माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनसाठीचा जुना महोत्सव आहे. पुण्या-मुंबईत आणि लहान शहरांतही शॉर्ट फिल्म क्लब चालतात. महोत्सवांतल्या प्रदर्शनाला सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळते. थिएटरात किंवा तिकीट लावून सार्वजनिक खेळ करायचा असेल तर मात्र सीबीएफसीचं, म्हणजे सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्र लागतं. २०२४च्या नियमांप्रमाणे ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या फिल्मच्या प्रमाणपत्राचे, ७, १३ आणि १६ वर्षांनुसार तीन गट आहेत.

यूट्यूब सर्वांत शेवटी. एकदा टाकलं की ते परत घेता येत नाही, कोणीतरी उतरवून घेतलेलंच असतं. टाकण्याआधी पत्रात दिलेला शब्द आठवून पुन्हा विचारा, आणि टिप्पण्या बंद ठेवायचा विचार करा. तिथे अनोळखी माणसं तुमच्या वडिलांना शिव्या देतात, आणि त्या ते स्वतः वाचतात.

एक काम उरतं, ते फिल्म संपल्यावर पुढे ढकललं जातं म्हणून तारीख ठरवून करा. तिसऱ्या पायरीत स्कॅन केलेले फोटो, उतरवलेल्या कॅसेटी, पत्रांच्या प्रती यांची वर्षवार फोल्डर करा, फाइलच्या नावात माणसांची आणि जागेची नावं घाला. एक प्रत स्वतःकडे, एक दुसऱ्या गावातल्या कोणाकडे, एक ऑनलाइन. आणि एकेक पेनड्राइव्ह प्रत्येक भावंडाला, प्रत्येक काका-आत्याला पाठवा. ज्यांनी संमती दिली त्यांना, ज्यांनी नकार दिला त्यांना, आणि ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांनाही. सोबत फिल्म घालू नका. चिठ्ठीत एवढंच लिहा की हे आपल्या सगळ्यांचं आहे, कपाटात खराब होत होतं म्हणून करून घेतलं. पाठवायचा खर्च फिल्मच्या बजेटमध्येच धरून ठेवा.